बी-फ्लॅटमधली गाडी

आमच्या घरात हातात कुठलीही नळी आली की ती आधी तोंडाला लावायची आणि मग ती कशाची आहे ते बघायचं, अशी रीत होती. पपईच्या पानाचा देठ, सायकलच्या पंपाची रबरी नळी, चुलीजवळची फुंकणी, काहीही चालायचं. त्या फुंकणीतून चुलीला जितका वारा मिळाला नसेल तितके सूर निघाले असतील. याचं मूळ माझे बाबा, पास्कल. अंधेरीच्या पूर्वेला महाकाली गुंफांकडे जाणारा रस्ता चढायला लागतो, त्याच्या पायथ्याशी आमचं गावठाण होतं आणि गावठाणाच्या लग्नाच्या बँडमध्ये बाबा बास वाजवायचे. बास म्हणजे ते भलंमोठं पितळी वाद्य, माणसाला अजगरासारखं वेटोळं घालून त्याच्या डोक्यावर तोंड वासून बसणारं. अंगाने बाबा काडी होते. बास चढवला की लांबून वाद्यच दोन पायांवर चालत येतंय असं वाटायचं. घरी आम्ही 'मला' म्हणत नव्हतो, 'मना' म्हणायचो, आणि 'तुला' नाही, 'तुना'. पुढे शाळेच्या बाईंनी माझी भाषा घासूनपुसून घेतली, पण राग आला की अजूनही 'मना' बाहेर पडतंच. माझी नात म्हणते, आजी, तू भांडायला लागलीस की किती गोड बोलतेस!

उपासाच्या दिवसांत, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, आम्हा ख्रिस्ती लोकांत लग्नं होत नाहीत. लग्नं नाहीत म्हणजे बँड नाही. मग गावोगावचे बँडवाले पोचे आलेली, वाकलेली, झाळ सुटलेली वाद्यं घेऊन बाबांकडे यायचे. घरामागे पत्र्याची शेड होती, तिच्यात ही पितळी जनावरं ओळीने टांगलेली असायची. वाद्याची नळी सरळ करणाऱ्याला गाडीचा पाईप वाकवायला काय लागतंय, असं म्हणत हळूहळू कुर्ला रोडवरचे टॅक्सीवाले आणि लॉरीवालेही सायलेन्सर घेऊन यायला लागले. पद्धत एकच. नळीत सुकी बारीक रेती ठासून भरायची, दोन्ही टोकांना लाकडी बूच मारायचं, कोळशावर लाल करायची आणि मग दोघांनी दोन टोकं धरून हळूहळू वाकवायची. आत रेती असली की नळी चेपत नाही, गोल राहते. रेती वर्सोव्याहून यायची, ती धुवायची, वाळवायची आणि शेवटी भाजून घ्यायची, कारण ओली राहिली तर आतल्या वाफेने बूच बंदुकीच्या गोळीसारखं उडतं. आणि ही रेती बाबा भाजायचे आईच्या कढईत.

"परत माझ्या कढईत रेती भाजलीस," आई म्हणायची, "तर त्याच रेतीचा पुलाव करून वाढीन तुना."

"मीठ जरा कमी टाक," बाबा म्हणायचे. "वर्सोव्याची हाय."

मी तेव्हा एकोणीस वर्षांची, नाव फिलोमिना, हाक फिलू. डोक्यात वारा. मला एक चांगला कान मिळाला होता आणि जगात तो एकच कान आहे, अशी माझी समजूत होती. रस्त्यावरून टॅक्सी गेली की व्हरांड्यात बसून मी निदान करायची: हिचा सायलेन्सर फुटलाय, हिचा एक सिलिंडर झोपलाय, हिला खोकला झालाय. टॅक्सीवाले हसायचे आणि मग उघडून बघायचे, तेव्हा बहुतेक वेळा माझं बरोबर निघायचं. झालं! माझी मान इतकी वर गेली की मला आमचा उंबरठा दिसेनासा झाला. दिवसातून एकदा तरी मी त्याला ठेचकाळायची. (आता माझ्या त्या प्रसिद्ध कानात नातवाने आणलेलं मशीन बसवलंय. ते शिट्टी मारतं. कुठल्या सुरात, ते मी कुणाला सांगत नाही.)

पण खरी ओढ कानाची नव्हती, शेडची होती. लाल झालेली नळी बाबांच्या हातात वाकायची तो क्षण मला बघायला मिळाला की त्या दिवशी जेवण नसतं तरी चाललं असतं. लोखंडासारखं लोखंड, पण त्या घटकेला तळायच्या फुगियांच्या आंबवलेल्या पिठासारखं मऊ पडायचं. मला ते टोक धरायचं होतं. मला फक्त रेती ठासायला मिळायची. आईचं म्हणणं सरळ होतं: "तुझं हात बघून नवरा वसईपर्यंत पळंल." मामाने फोर्टातल्या एका ऑफिसात माझ्यासाठी टायपिस्टची जागा बघून ठेवली होती. टायपिंगच्या क्लासला मी जात होते आणि त्या खटखटीत मला एकही सूर सापडत नव्हता.

त्या उन्हाळ्यात डाक्टरीणबाई आल्या. सुलभाताई त्यांचं नाव, घाटकोपरला बाळंतपणाचं छोटं हॉस्पिटल चालवायच्या, पण आमच्या गावठाणातली अर्धी पोरं त्यांच्याच हातांवर जन्मली होती. त्यांचा भाऊ विलायतेला कायमचा गेला आणि जाताना बहिणीच्या गळ्यात आपली गाडी बांधून गेला. ती गाडी म्हणजे दोन सीटांची, उघडी, गर्द हिरवी, लांबलचक नाकाची, सहा सिलिंडरची. तशी गाडी तेव्हा अंधेरीत कुणी पाहिलेली नव्हती. भावाच्या क्लबातल्या पुरुषांनी म्हटलं, विकून टाका, बाईमाणसाला ही झेपायची नाही. झालं, डाक्टरीणबाईंनी जुहूच्या विमानतळावरच्या शर्यतीत नाव घातलं. पातळाचा पदर कमरेला खोचून, डोक्याला रुमाल बांधून त्या गाडी चालवायच्या आणि मागच्या फटीत कात्र्या-चिमट्यांची बॅग असायची.

"हे बघ पास्कल," त्या शेडमध्ये स्टुलावर बसून म्हणाल्या, "जुना पाईप कुजलाय. दोन इंची होता. कोणी म्हणतं आता मोठा टाका, कोणी म्हणतं तोच बरा. मला ते कळत नाही. मला इतकंच कळतं की धावपट्टीच्या दोन टोकांना पिंपं ठेवतात, त्यांना वळसा घालताना गाडी पार हळू करावी लागते आणि वळणातून बाहेर पडताना ती उचलली पाहिजे. माझी मरगळते. मला आवाज नको, धक्का हवा. समजलं?"

बाबांना समजलं. मला समजलं नाही, कारण मी ऐकतच नव्हते. मी गाडीचं इंजिन ऐकत होते. ते चालूच ठेवलं होतं त्यांनी, आणि त्या कुजक्या पाईपातूनसुद्धा असा काही गडगडाट येत होता की माझ्या दातांना गुदगुल्या होत होत्या.

त्या रविवारी जेवताना मी विषय काढला. डुकराच्या मटणाचं आंबटतिखट इंदयाल होतं, हाताने थापलेली तांदळाची भाकरी होती, आई खुशीत होती. वेळ साधायची अक्कल तेवढी मला होती. म्हटलं, ह्या गाडीचा पाईप मी निवडणार. आणि बरोबर निघाला तर मी ऑफिसात जाणार नाही, शेडमध्ये बसणार.

"नि चुकला तर?" आईने विचारलं.

"तर मामा सांगेल त्या दिवशी फोर्ट."

"तो सांगून बसलाय. शर्यत पंधरा दिवसांनी रविवारची हाय ना? तिच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, इंदयालाकडे पाहिलं. "हिचा कान माझ्याहून बरा हाय," ते म्हणाले. "निवडू दे. जुहूला जाईल तो पाईप हिचा."

दुसऱ्या दिवशी आम्ही तीन नळ्या मांडल्या. एक दोन इंची, जुन्या मापाची. एक सव्वादोन. आणि एक तीन इंची, जी एका मोडीतल्या लॉरीची होती आणि तिथे असायचं काही कारण नव्हतं. ती मीच ओढत आणली होती. एकेक नळी तात्पुरती तारेने बांधून डाक्टरीणबाई इंजिन चालू करायच्या आणि मी डोळे मिटून, हनुवटी वर करून उभी राहायची. काय तो थाट! गावठाणातली निम्मी पोरं कुंपणावर बसून बघत होती, त्यामुळे हनुवटी जरा जास्तच वर. दोन इंचीचा आवाज नाक चोंदलेल्या माणसासारखा. सव्वादोनचा म्हणजे शेजारच्या खोलीत कुणीतरी खाट सरकवतंय असा, सपाट, कोरडा. मग तीन इंची लावली.

काय सांगू? तो आवाज नव्हताच, तो एक सूर होता. खोल, गोल, जमिनीखालून आल्यासारखा. शेडमध्ये टांगलेली सगळी पितळी वाद्यं आपोआप गुणगुणायला लागली. बाबांच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. ते न बोलता उठले, खुंटीवरून बास उतरवला, अंगात चढवला आणि गाल फुगवून एक लांब सूर धरला. बी-फ्लॅट. गाडीचा आणि त्यांचा सूर एकात एक असा बसला की कुठे इंजिन संपतं आणि कुठे बाप सुरू होतो ते कळेना. माझ्या अंगावर काटा आला. आमच्या कोंबड्या आंब्यावर चढल्या.

आई खिडकीत आली. "कोन मेलं?"

"मेलं नाय," मी ओरडले, "हाच पाईप!"

आता बघा, आम्ही दोघंही काही अगदीच खुळे नव्हतो. बाबांनी आयुष्यभर पाईप वाकवले होते. दुसऱ्या कुणाच्याही गाडीला त्यांनी लॉरीचा पाईप लावला नसता. पण सूर जुळला की बँडवाल्याची अक्कल संपते. सूर जुळला म्हणजे सगळं जुळलं, ही आमच्या घराण्याची जुनी श्रद्धा होती. डाक्टरीणबाईंनी एकदा विचारलं, "धक्का?" आणि आम्ही बापलेकीने एकदम मान हलवली, की येणार म्हणजे काय, असा आवाज असल्यावर धक्का न येऊन सांगतो कुणाला?

त्या शनिवारी आमच्या चुलतभावाच्या लग्नाचं उंबराचं पाणी होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: आमच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका डोक्यावर तांब्याचे हंडे घेऊन, पुढे बँड लावून, विहिरीवर वाजतगाजत जातात. विहिरीला दारूचा थेंब देतात, पाणी भरतात आणि त्या पाण्याने नवरामुलाला अंघोळ घालतात. आमची विहीर चढावर होती. आणि बाबांची आत्या, सांतूआजी, गुडघ्यांमुळे चढायला तयार नव्हती, पण विहिरीला दारू तिच्याच हातून द्यायची, हा तिचा हट्ट होता. त्यावर उपाय मीच काढला. डाक्टरीणबाईंना नाहीतरी गाडी चालवून बघायचीच होती. सांतूआजीला बाजूच्या सीटवर बसवावं, गाडी बँडच्या मागोमाग चालेल, आणि बँड त्याच सुरात वाजवेल! असं लग्न मुंबईत कुणी ऐकलं नसेल. हे शेवटचं मात्र खरं ठरलं.

सांतूआजी लाल लुगडं, अंबाड्यात सोन्याची फुलं, मांडीवर दारूची बाटली अशी बसली. मला सीट उरली नव्हती म्हणून मी मागे, गाडीच्या डिकीवर, पाय आत सोडून विराजमान झाले. केसांना निळी रिबीन. खरं तर चालत जाता आलं असतं. पण चालणाऱ्याला लोक बघत नाहीत.

सुरुवातीला सपाट रस्ता होता, तोवर स्वर्ग होता. गाडी नुसती घुमत होती, पुढे बाबांचा बास घुमत होता, त्याच्यापुढे ट्रंपेट, क्लॅरनेट, आणि बायका हंडे डोक्यावर घेऊन नाचत होत्या. लोक दारांतून बाहेर आले. मी हात हलवत होते. कुणी माझ्याकडे बघून हात हलवत नव्हतं, पण मी हलवत होते.

मग चढ लागला. वरात चालते ती माणसाच्या पावलाने, आणि चढावर तर थांबत थांबत. त्या वेगाला गाडीच्या अंगात काही उरेचना. डाक्टरीणबाईंनी जरा पाय दाबला तर ती नुसतीच मोठ्याने डुरकली, पुढे गेली नाही. आणखी दाबला, आणखी डुरकली, मग एकदम उडी मारून बाबांच्या टाचेला लागायच्या बेताला आली. आणि प्रत्येक डुरकण्याबरोबर तिचा सूर चढत होता. बाबा बँडच्या शेवटच्या ओळीत, गाडीचं नाक त्यांच्या पाठीशी. त्यांना पुढचा बँड ऐकूच येत नव्हता, फक्त गाडी ऐकू येत होती. आणि बासवाला सूर सोडत नाही, सुरामागे जातो. गाडी वर गेली, बाबा वर गेले. बाबा वर गेले म्हणून ट्रंपेटवाला वर गेला. क्लॅरनेटवाला म्हातारा होता, स्वाभिमानी होता, तो जागचा हलला नाही. दोन वराती एकाच गल्लीत समोरासमोर याव्यात तसा तो गोंधळ झाला. नाचणाऱ्या बायकांचे पाय अडखळले. ढोलवाला एकटाच आनंदात होता, त्याला सुराशी देणंघेणं नव्हतं.

विहीर दिसायला लागली तिथे गाडी बंद पडली. डाक्टरीणबाईंनी चालू केली. फाट्! मागच्या पाईपातून असा बार निघाला की एका बाईचा हंडा गडगडत उतारावर गेला.

"जेजू मारी!" सांतूआजीने कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला आणि बाटलीचं बूच घट्ट केलं. परत चालू, परत डुरकणं, परत बंद. सांतूआजीने डाक्टरीणबाईंकडे वळून पाहिलं. तिची सहा बाळंतपणं झाली होती, त्या अधिकाराने ती म्हणाली, "गो डाक्टरीण, हिला कळा मोप येतात, पन पोर काय येत नाय!"

डाक्टरीणबाई स्टिअरिंगवर डोकं टेकून हसायला लागल्या. मग सगळी वरात हसायला लागली. सूट घातलेले पुरुष कोट काढून गाडी ढकलायला लागले. मी अजून डिकीवरच. राणी उतरत नसते.

आई डोक्यावर हंडा घेऊन माझ्याशेजारी आली आणि आवाज न चढवता म्हणाली, "उतर. नायतर आज विहिरीला दारूच्या जागी तुना देते."

मी उतरले आणि ढकलायला लागले. निळी रिबीन माझ्याच घामाने माझ्या डोळ्यात आली.

रविवारी लग्न झालं, त्यात कुणाला बोलायला वेळ नव्हता. सोमवारी आईने माझा बेत निकालात काढला. "झालं ना? पुढच्या सोमवारी फोर्ट. मामाला कळवते." ज्या कानाच्या जिवावर मी बोलत होते त्या कानानेच मला गावभर ढकलत नेलं होतं. माझ्या कडेने जाताना पोरं मुद्दाम हळूच म्हणायची, 'फाट्'. मी शेडकडे गेलेच नाही. मागच्या दारात बसून चिंच सोलत राहिले. एवढी चिंच त्या घराला वर्षभर लागली नसती.

बाबांनी दोन दिवस जाऊ दिले. मग जेवताना भाकरीचा तुकडा मोडत, भाकरीलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "मी बोल्लो होतो, जुहूला जाईल तो पाईप. गाडी अजून जुहूला गेली कुठं?"

आई त्यांच्याकडे बघत राहिली. "पास्कल, तू वकील व्हायला पायजे होतास."

"मग तुझा बाप तुना माझ्या घरी द्यायला नको बोल्ला असता."

डाक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. त्या लॉरीच्या पाईपाने त्यांचं सगळं हॉस्पिटल जागं केलं होतं. "कोपऱ्यातल्या खाटेवरच्या बाईच्या कळा माझ्या गाडीच्या आवाजाने सुरू झाल्या," त्या म्हणाल्या. "तिला मुलगी झाली. आता मात्र मला शर्यतीसाठी पाईप दे बाई."

परत तीन नळ्या मांडल्या. आणि मी, एवढं होऊनसुद्धा, परत हनुवटी वर करून, डोळे मिटून, कान देऊन उभी राहिले! तेव्हाच्या त्या फिलूला आत्ता इथून हात लांबवून एक टप्पल मारता आली असती तर मारली असती. अंगणात तेव्हा मसाल्याचं काम चाललं होतं. वर्षाचा मसाला, मिरच्या चटयांवर पसरलेल्या, कुटणाऱ्या बायका नाकाला फडकी बांधून उखळात मुसळं घालत होत्या आणि सगळं गावठाण शिंकत होतं. आई तिथूनच बघत होती. तिचे डोळे मिरचीने लाल झाले होते, की माझ्यामुळे, कोण जाणे. ती तरातरा आत गेली, कापसाचे दोन बोळे घेऊन आली आणि कुटणाऱ्या बायकांसमोर माझ्या दोन्ही कानांत तिने ते अंगठ्याने दाबून बसवले.

"आयकून आयकून वाट लावलीस," ती म्हणाली. "आता आयकायचं नाय. गप बसून ये गाडीत."

तिला काही शिकवायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. ती वैतागली होती, इतकंच.

मी कानांत बोळे घालून डाक्टरीणबाईंच्या शेजारी बसले. जग एकदम रजईखाली गेलं. बाबांनी एकेक नळी बांधली आणि प्रत्येक नळीला आम्ही तोच चढ चढलो: पायथ्याशी माणसाच्या पावलाइतकी हळू, आणि मग विहिरीच्या वळणापासून पाय पूर्ण दाबून वर गुंफांपर्यंत. दोन इंचीने बरं नेलं, पण वर वर जाताना गाडीने श्वास कोंडल्यासारखं केलं, कुणी मागून पदर धरावा तसं. तीन इंचीचं काय होणार ते सांतूआजीने सांगूनच ठेवलं होतं; आता आवाज नाही म्हटल्यावर तर तिच्यात काहीच उरलं नाही. मोठ्या तोंडाचा माणूस नुसते ओठ हलवतोय असं वाटलं. वर पोचता पोचता कुठे ती जागी झाली, तोवर रस्ता संपला.

मग सव्वादोन. विहिरीच्या वळणावर डाक्टरीणबाईंनी पाय दाबला आणि माझी पाठ सीटला चिकटली. झोपाळा मागून खाली येताना पोटात जे होतं ते झालं. माझ्या दोन्ही हातांनी आपणहून दरवाजा धरला. झाडं बाजूने सरकत गेली, रिबीन सुटून कुठेतरी मागे राहिली, आणि गाडी तशीच रेटत, न थांबता, न खोकता, गुंफांपर्यंत गेली.

"हाच!" मी ओरडले. कानांत बोळे होते, त्यामुळे केवढ्याने ओरडले ते मला कळलं नाही. गुंफा बघायला आलेली एक सहल दचकून माझ्याकडे बघत होती. डाक्टरीणबाई काहीतरी म्हणाल्या. मला ऐकू आलं नाही, पण त्यांचे दात दिसत होते.

खाली आलो. बाबा शेडच्या दारात उभे होते. मी बोळे काढले आणि पहिल्यांदा तो आवाज परत ऐकला. खाट सरकवल्याचा. सपाट, कोरडा, कुठल्याच सुरात न बसणारा. मला अक्षरशः रडू आलं.

"सूर कसा हाय?" बाबांनी विचारलं.

"घानेरडा."

"मग?"

"मना हाच पायजे."

बाबांनी गालावरून हात फिरवला. मग ते वाकले, ती तीन इंची नळी उचलली, तिच्या तोंडात एकदा हळूच फुंकली आणि मोडीच्या ढिगात ठेवून दिली. टाकली नाही, ठेवली. "मना पन तीच आवडली होती," ते म्हणाले.

शर्यतीचं फार सांगत नाही. लोक जे विचारतात ते हे की डाक्टरीणबाई पहिल्या आल्या का. नाही आल्या. तिसऱ्या आल्या. सरळ पट्टीवर दोन गाड्या त्यांच्या पुढे निघायच्या. पण पिंपाला वळसा घालून बाहेर पडताना ती हिरवी गाडी जी झेप घ्यायची ना, तशी त्या दिवशी एकाही गाडीने घेतली नाही. पहिल्या वेळी ती पिंपामागून उसळून बाहेर आली तेव्हा बाबांनी माझा दंड इतका आवळला की चार दिवस वळ होता. क्लबातल्या पुरुषांपैकी कुणीतरी मागे म्हणालं, आवाज काही खास नाही. मी वळून त्याच्याकडे असं बघितलं की तो सोड्याची बाटली घेऊन दुसरीकडे गेला. माझ्या नातवाने परवा विजेवरची गाडी घेतली. ती येते तेव्हा काहीच ऐकू येत नाही, मांजरासारखी पायाशी येऊन उभी राहते. पण सिग्नलला सुटते तेव्हा पाठीला अगदी तोच धक्का बसतो, आणि मी मोठ्याने हसते. नातवाला वाटतं आजी घाबरली.

शर्यतीवरून घरी येईपर्यंत पैजेचा विषय कुणी काढला नाही. आईने विचारलं, कितवी? बाबा म्हणाले, तिसरी. आईने मान हलवली आणि पानं वाढायला घेतली. तिसरी म्हणजे बरोबर की चूक, हे आम्ही आधी ठरवलंच नव्हतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मला ते ऐकायचं धैर्य नव्हतं.

सोमवारी सकाळी आईने मला उठवलं. खुर्चीच्या पाठीवर नवा फ्रॉक इस्त्री करून ठेवला होता, पांढरा, बारीक पिवळ्या ठिपक्यांचा. मी घातला. केस विंचरले. आईने डबा भरला. मागच्या दाराने निघाले, कारण पुढच्या दाराशी मामा उभा होता आणि मला शेडवर एकदा नजर टाकायची होती. बाबा एकटेच होते. कोळसे फुललेले, टॅक्सीची एक लांब नळी मधोमध लाल झालेली, एक टोक बाबांच्या हातात आणि दुसरं टोक लाकडी घोडीवर टेकवून ठेवलेलं. दोन माणसांचं काम एकट्याने मांडून बसले होते. एवढी वर्षं शेडमध्ये काम करणारा माणूस, नळी लाल होईपर्यंत जोडीदार नाही हे त्यांच्या लक्षात आलं नसेल?

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "धर," म्हणाले.

मी वळून पाहिलं. आई दारात डबा घेऊन उभी होती. मी फडकं हातांना गुंडाळलं आणि टोक धरलं. धग चेहऱ्यावर आली, मध्यावरचा लाल भाग माझ्या मुठीतल्या जोराला हळूच कबूल झाला आणि वाकायला लागला. त्याच वेळी एक ठिणगी उडून फ्रॉकवर बसली आणि पिवळ्या ठिपक्यांमध्ये एक काळा ठिपका झाला.

आईने तो पाहिला. तिने डबा शेडच्या फळीवर ठेवला आणि पुढच्या दाराकडे वळली.

"तो फ्रॉक काढ नि जुना घाल," जाता जाता ती म्हणाली. "मामाला मी सांगते."

मी नळी सोडायला गेले.

"आता नको," बाबा म्हणाले. "लाल हाय तवर वाकव."